करपलेला टोप : घासण्याआधी करायची कामे

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी मणगण्यासाठी, म्हणजे चण्याच्या डाळीच्या गोड खिरीसाठी, पाच लिटरचा स्टीलचा टोप माळ्यावरून खाली येतो आणि दर दोन-तीन वर्षांनी तो करपतो. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस या चौघांनाही बुडाला लागण्याची भारी हौस. त्यात आरतीची हाक आली, ढवळणारा हात थांबला आणि गॅस बारीक करायचा राहून गेला, की पाच मिनिटांत खाली काळी खरवड धरते. संध्याकाळी मोरीत पुढे जे घडते ते बहुतेक घरांत सारखेच असते. कोणीतरी तारेची घासणी घेऊन बसते, हात भरून येईपर्यंत घासते, टोप अर्धवट निघतो आणि जिथे निघतो तिथे ओरखडे राहतात. पुढच्या वेळचे मणगणे नेमके त्याच ओरखड्यांत आधी धरते.

घासणे हे या कामातले शेवटचे आणि सर्वांत लहान काम आहे, हे एकदा मनावर घेतले की बाकीची रीत आपोआप सुचते. खरवड आधी सैल करावी लागते. ती कशाने सैल होईल हे भांडे कोणत्या धातूचे आहे आणि त्यात काय करपले आहे, या दोन गोष्टींवरून ठरते. यांतली पहिली गोष्ट चुकली तर भांडे बिघडते, दुसरी चुकली तर केवळ वेळ वाया जातो.

खरवड म्हणजे नेमके काय

करपलेला थर एकजिनसी नसतो. सर्वांत वर न जळलेले, नुसते चिकटलेले अन्न असते. त्याखाली तपकिरी, चिवट थर असतो. आणि धातूला लागून काळा, कोळशासारखा पापुद्रा असतो. वरचा थर पाण्याने सुटतो, मधला गरम पाणी आणि सोडा यांनी सुटतो, आणि तळचा पापुद्रा स्वतः फारसा विरघळत नाही, तर त्याला धरून ठेवणारा मधला थर फुगून मऊ झाला की तो चकत्यांनी सुटून येतो. म्हणून काळा थर विरघळवण्याच्या मागे न लागता त्याची पकड सोडवावी.

पदार्थांनुसार ही पकड निरनिराळी असते. गूळ किंवा साखर करपली असेल तर काम सर्वांत सोपे, कारण पूर्ण कोळसा न झालेली साखर उकळत्या पाण्यात विरघळते. उकड्या तांदळाची पेज, साबुदाणा किंवा पिठले लागले असेल तर तो पिष्टाचा थर असतो. तो भिजला की फुगतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दूध सर्वांत हट्टी, कारण करपलेल्या दुधात प्रथिने असतात आणि त्यांच्याबरोबर कॅल्शियमचे क्षारही बुडाला बसतात. प्रथिने सोड्यासारख्या अल्कलीने सुटतात, क्षार आंबट पदार्थाने सुटतात. दुग्धालयातील यंत्रे आधी अल्कलीने आणि मग आम्लाने धुतात ती याच कारणाने, आणि घरच्या दुधाच्या पातेल्यालाही हाच क्रम लागू पडतो. तेला-तुपाचे डाग मात्र वेगळ्या जातीचे असतात. खूप तापलेले तेल पातळ वार्निशासारखे धातूवर घट्ट बसते आणि ते नुसत्या पाण्याने कितीही भिजवले तरी हलत नाही.

पहिली दहा मिनिटे

करपल्याचा वास आला की गॅस बंद करावा आणि डवला (डाव) बुडापर्यंत न नेता वरचा पदार्थ दुसऱ्या भांड्यात हलकेच ओतून घ्यावा. खाली खरवडले की जळका वास सगळ्या पदार्थात उतरतो; न खरवडल्यास निम्म्याहून अधिक मणगणे नैवेद्याला सुखरूप पोहोचते, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

यानंतर बहुतेक जण घाईने टोप नळाखाली धरतात. ते टाळावे. आजच्या अनेक स्टीलच्या टोपांच्या बुडात दोन पत्र्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमचा थर बसवलेला असतो. तापलेल्या बुडावर गार पाणी पडले की हे धातू सारख्या वेगाने आक्रसत नाहीत आणि बूड वाकडे होते. वाकडे बूड शेगडीवर सपाट बसत नाही, उष्णता एकाच जागी लागते आणि तो टोप जन्मभर त्याच जागी करपत राहतो. मातीचे कुंडले असेल तर गार पाण्याने ते सरळ तडकते. टोप दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि कोमट झाल्यावर त्यात गरम पाणी घालावे. भांडे रात्रभर कोरडे ठेवू नये; थर वाळून कडक झाला की दुसऱ्या दिवशी दुप्पट काम पडते. याला एक अपवाद आहे, तो पुढे उन्हाच्या उपायात येईल.

स्टीलचा टोप : पायरीपायरीने

पहिली पायरी उकळण्याची. खरवडीच्या वर तीन-चार बोटे येईल इतके पाणी घालावे, पण टोप निम्म्याहून जास्त भरू नये, कारण सोडा घातल्यावर फेस वर चढतो. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळावे. पाच-सात मिनिटांतच पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो आणि खरवडीच्या कडा पिवळसर होऊन उचलल्या जातात. लाकडी उलथन्याने त्या कडांखाली हळूच शिरावे. सुटेल तेवढे सुटू द्यावे आणि जिथे उलथने अडेल तिथे जोर न करता पुढे सरकावे.

दुसरी पायरी थांबण्याची, आणि लोक नेमकी हीच गाळतात. गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि पाणी आपोआप निवू द्यावे. याला दोन तास लागोत किंवा पूर्ण रात्र. उकळताना जो थर फक्त वरून मऊ झालेला असतो, तो या वेळात आतपर्यंत भिजतो. माझी आई म्हणायची, "घासू नको गो, निजू दे त्याला." सकाळी पाणी ओतले की अर्ध्याहून अधिक पापुद्रे पाण्याबरोबरच निघून जातात.

तिसरी पायरी खरवडण्याची, आणि यासाठी चाकू किंवा स्टीलचा चमचा न घेता फुटलेल्या करवंटीचा तुकडा घ्यावा. त्याची धार खरवडीपेक्षा कठीण आणि स्टीलपेक्षा मऊ असते, त्यामुळे खरवड निघते आणि भांडे तसेच राहते. तुकडा तळहाताएवढा, एका बाजूने सरळ तुटलेला असावा. तो बुडाशी तिरपा धरून आपल्या दिशेला ओढावा. बुडाच्या आणि भिंतीच्या सांध्यातल्या गोलाईत करवंटीची स्वतःची गोलाई जशी बसते तशी बाजारातली कोणतीही प्लॅस्टिकची खरवडणी बसत नाही.

एवढ्यानंतरही काळे डाग उरले तर चौथी पायरी धुण्याच्या सोड्याची. खाण्याचा सोडा सौम्य आहे. त्याच्या पाण्याचा सामू (pH) साधारण 8.3 असतो, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास जातो. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतले की दोन सोड्यांतले अंतर कळेल. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून पुन्हा दहा मिनिटे उकळावे आणि निवू द्यावे. हातात रबरी मोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ही पायरी फक्त स्टीलसाठी आहे हे विसरू नये. तेलाचे तपकिरी, चिकट डाग बहुधा या पायरीलाच जातात.

दूध किंवा पिष्ट लागले असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत प्रथिने आणि पिष्ट तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात अशी एक चमचा पावडर घालून टोप रात्रभर भिजवावा. पाणी उकळते घेऊ नये. विकरे उकळत्या पाण्यात निकामी होतात. सकाळी भांडे तीन-चार पाण्यांनी धुवावे, म्हणजे सुगंधाचा अंश राहत नाही.

शेवटची पायरी आंबटाची. सगळी खरवड गेल्यावरही बुडावर पांढुरके ठिपके किंवा इंद्रधनुषी निळे-जांभळे पट्टे दिसतात. ठिपके क्षारांचे असतात. पट्टे म्हणजे डाग नव्हेत. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर असतो तो उष्णतेने जाड झाला की त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचे रंग दिसतात. दोहोंवर उपाय एकच: माडाच्या सुरेचे व्हिनेगर किंवा आमसुलांचे कढवलेले पाणी बुडावर पसरून दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ कापडाने पुसावे. परसात बिंबलीचे, म्हणजे आंबट बिंबलांचे, झाड असेल तर दोन-तीन बिंबले उभी चिरून बुडावर चोळावीत. बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि स्टीलचे डाग काढण्याच्या काही विकतच्या पावडरींतही हेच आम्ल असते. नंतर भांडे नीट धुवावे.

इथे एका लोकप्रिय चुकीविषयी सांगणे भाग आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून उसळणारा फेस पाहिला की काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, वायू उडून जातो आणि भांड्यात उरते ते जवळजवळ निरुपद्रवी खारट पाणी. त्या बुडबुड्यांनी एखादा सैल कण हलेल, पण खरवडीचे काम होणार नाही. सोडा आधी, तो ओतून भांडे धुवावे, मग आंबट. हा क्रम मोडू नये. याहून गंभीर गोष्ट म्हणजे कपड्यांचे ब्लीच भांड्यात कधीही घालू नये. व्हिनेगर, लिंबू किंवा बिंबल यांच्याशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि नुसते ब्लीचही स्टीलवर बारीक खड्डे पाडते. मिठाचेही तसेच आहे: गार पाण्यात टाकलेले खडे मीठ बुडाशी पडून राहिले तर तिथे ठिपक्यांसारखे खड्डे पडतात, म्हणून ते पाणी उकळल्यावर घालून ढवळावे.

अॅल्युमिनियम : इथे सोडा शत्रू

काही वर्षांपूर्वी मी स्टीलच्या यशाने शेफारून अॅल्युमिनियमच्या जुन्या टोपात धुण्याचा सोडा घालून उकळला. पाणी उकळायच्या आतच बुडातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. मला वाटले, खरवड सुटते आहे. सुटत होता तो टोप. अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर सामू साधारण 4 ते 8.5 च्या दरम्यान टिकतो. त्यापलीकडे तो विरघळतो, उघडा धातू पाण्याशी क्रिया करतो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. अर्ध्या तासाने टोप आतून शिशासारखा काळपट झाला होता. काळेपणा नंतर आमसुलांनी उतरला, पण पूर्वीचा गुळगुळीतपणा परत आला नाही, आणि तो टोप आता कोंबड्यांच्या दाण्यासाठी वापरात आहे.

म्हणून अॅल्युमिनियमला आंबट मानवते, तेही बेताचे. करपलेल्या भागाच्या वर येईल इतके पाणी घेऊन त्यात सात-आठ आमसुले, लिंबाएवढी चिंच किंवा चार-पाच चिरलेली बिंबले टाकावीत, पंधरा मिनिटे उकळावे, कोमट होऊ द्यावे आणि काथ्याने घासावे. ते पाणी फेकून द्यावे. आंबट पाणी रात्रभर ठेवू नये, कारण आम्लही जास्त वेळ राहिले की धातू खाते. कुकरमध्ये बटाटे उकडताना पाण्याच्या रेषेपर्यंत जो काळा पट्टा उमटतो त्यालाही हाच इलाज चालतो. काळ्या रंगाच्या, कडक लेप दिलेल्या अॅल्युमिनियमच्या कढयांनाही सोडा वर्ज्य समजावा.

मात्र अॅल्युमिनियममध्ये पेज किंवा भात लागला असेल तर सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. टोपातले सुटे अन्न काढून तो कडक उन्हात दोन-तीन दिवस पालथा न घालता उताणा ठेवावा. पिष्टाचा थर वाळताना आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि तो पापडासारखा कडेने वर वळतो. मग करवंटीने टकटक केले तरी चकत्या निघतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात हा उपाय हमखास लागू पडतो. आषाढात त्याच्या नादी लागू नये. थर वाळण्याऐवजी त्यावर बुरशी येते.

राख, माती आणि कल्हई

जुन्या माणसांची राख ही निव्वळ घासण्याची पूड नव्हती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे ती धुण्याच्या सोड्याची सख्खी बहीण. नारळाच्या सोडणांच्या राखेत तर पोटॅशचे प्रमाण भरपूर. ओल्या काथ्यावर चाळलेली राख घेऊन घासले की अल्कली चिकटपणा सोडवते आणि बारीक कण खरवड काढतात. तांब्या-पितळेच्या बाहेरच्या बाजूला आणि स्टीलला राख आजही उत्तम आहे. गोंधळ झाला तो स्वयंपाकघरात अॅल्युमिनियम आल्यावर: भांडे बदलले आणि राख तीच राहिली. अॅल्युमिनियमला ओली राख लावून ठेवू नये. राख नेहमी चाळून घ्यावी, कारण त्यातला एखादा वाळूचा खडा तारेच्या घासणीपेक्षा वाईट ओरखडा पाडतो.

मातीच्या कुंडल्यात माशाचे हुमण लागले तर साबण अजिबात वापरू नये. माती सच्छिद्र असते. साबण तिच्यात मुरतो आणि पुढच्या हुमणात उतरतो. कुंडले पूर्ण निवाल्यावर त्यात कोमट पाणी आणि चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवावे, मग अगदी मंद आचेवर दहा मिनिटे गरम करावे, निवू द्यावे आणि काथ्याने घासावे. त्यानंतर सोड्याची चव जाण्यासाठी साधे पाणी एकदा उकळून ओतावे आणि कुंडले दिवसभर उन्हात ठेवावे. पावसात ऊन नसेल तर ते चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेजवळ पालथे घालावे. आत ओल राहिली की कुबट वास येतो.

कल्हईच्या पितळी टोपाशी फारच जपून वागावे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील 232 अंश सेल्सियसला वितळते; टोप कोरडा तापला की कल्हई ओघळून गोळा होते. म्हणून करपलेला पितळी टोप "जाळून काढू" असे म्हणणाऱ्याला आधी बाहेर पाठवावे. कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा, तासभर भिजवणे आणि मऊ कापड, एवढेच आत चालते. राख, मीठ, काथ्या आणि धुण्याचा सोडा यांपैकी काहीही आत नेऊ नये. खरवडीखालून पिवळा धातू दिसू लागला असेल तर त्यात सोले (आमसुले), चिंच किंवा ताक घातलेले काहीही शिजवू नये आणि टोप कल्हईला द्यावा. बाहेरून मात्र आमसूल आणि मीठ लावून हवा तितका उजळवावा.

लोखंड आणि न चिकटणारे तवे

बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत पाणी पाच मिनिटे उकळून लाकडी उलथन्याने खरवड सोडवावी, उरलेल्यावर मूठभर खडे मीठ आणि थोडे खोबरेल घालून काथ्याने चोळावे, धुवावे, लगेच आचेवर कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. लोखंड भिजत ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते एका रात्रीत तांबूस होते. गंज धरलाच तर चिरलेले बिंबल चोळावे, पण नंतर तेल लावायला विसरू नये, कारण आम्लाने गंजाबरोबर तेलाचा जुना काळा थरही जातो.

न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्याला कोमट सोड्याचे पाणी आणि मऊ स्पंज याखेरीज काही नको. तेवढ्याने डाग गेला नाही तर डाग ठेवावा आणि लेप वाचवावा. हा लेप 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, त्यामुळे तो तवा रिकामा तापवू नये. लेपाचे तुकडे सुटू लागले असतील तर तवा बदलणे बरे.

बाहेरचे काजळ

चुलीवर चढणाऱ्या टोपाच्या बुडाला आधीच बाहेरून ओली राख किंवा माती लिंपण्याची रीत होती. काजळ त्या लेपावर बसते आणि लेपाबरोबर धुऊन जाते. चवथीला मागच्या अंगणात मोठी चूल पेटते तेव्हा आम्ही अजून हे करतो. स्टीलच्या टोपाला चाळलेल्या राखेचा दाट लेप पुरतो. गॅसवरच्या भांड्याचे बूड काळे होत असेल तर मात्र भांड्याला दोष देऊ नये. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसत असेल तर गॅस नीट जळत नाही, आणि शेगडीच्या बर्नरची भोके साफ केल्याशिवाय कितीही घासले तरी काजळ परत येणारच.

भांडे निघाले असे वाटल्यावर एक परीक्षा घ्यावी. त्यात दोन पेले स्वच्छ पाणी उकळावे आणि ते पांढऱ्या वाटीत ओतून पाहावे. पाणी पिवळसर दिसले किंवा त्याला जळका वास आला, तर बुडाच्या गोलाईत कुठेतरी पापुद्रा उरला आहे. तिथे नख फिरवले की खरखर लागते. तेवढ्याच जागेवर सोड्याची दाटसर पेस्ट लावून रात्रभर ठेवावी आणि सकाळी करवंटीने काढावी; अॅल्युमिनियमचा टोप असेल तर सोड्याऐवजी आमसुलांचे पाणी पुन्हा एकदा उकळावे. वाटीतले पाणी नितळ आले की टोप दुधालाही वापरता येतो.